अंडी एका पारड्यात

आधी माळ्यावरची तागडी काढ. तुझ्या आजोबांच्या दुकानातली, पितळी पारड्यांची. तू पुण्याहून आणलेला काटा चांगला आहे गं, पण त्याचा सेल संपलाय, आणि रविवारी धर्मापुरीत तसला चपटा सेल हुडकत फिरण्यात अख्खी दुपार जाईल. शिवाय या केकला वजनं लागतच नाहीत. अंडी हेच वजन.

काल तू केलेला केक मी मुकाट्यानं खाल्ला. चव वाईट नव्हती. पण मधे खड्डा, कडा करपलेल्या, आणि बुडाला बोटभर ओल्या पिठाचा थर. मोबाइलवर 'एक कप' म्हणाले तिथं तू चहाचा कप घेतलास, आणि लोणी पातळ होऊन वाहायला लागलं तरी फेटत राहिलीस. चूक एवढीच. पण एवढ्यावर भागत असतं तर मी बोललेच नसते. बस इथं. मी सांगते तसं कर, आणि मधे मधे मला बोलू दे. हा केक तासाभरात उरकण्यातला नाही.

तागडीचा पासंग बघ आधी. रिकामी असताना दांडी सरळ राहते का? नाही ना? तुझे आजोबा दांडी मारणारे नव्हते, पण वीस वर्षं पडून राहिल्यावर पितळही कळकतं. दोन्ही पारड्यांत सारख्या वाट्या ठेव, आणि जी बाजू हलकी तिच्यात ज्वारीचे दाणे टाकत जा. दांडी सरळ झाली की धडा झाला. आता एका वाटीत चार अंडी ठेव, टरफलासकट. समोरच्या वाटीत लोणी घालत जा. दांडी सरळ झाली की लोणी काढून बाजूला ठेव, वाटी पुसून तिच्यात साखर. मग मैदा. अंडी आपल्या जागची हलवायची नाहीत. चारही जिन्नस एका तोलाचे. ग्रॅम किती, औंस किती, याचा विचारही करायचा नाही.

हे मला मिरजेला शिकायला मिळालं. १९६६ साली मी वानलेस हॉस्पिटलात नर्सिंग शिकायला गेले. डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेलं मिशनचं हॉस्पिटल ते. मी अठरा वर्षांची, बीड जिल्ह्याबाहेर पहिल्यांदाच पडलेली. आम्हाला शिकवायला एक अमेरिकन सिस्टर होती. पट्टी बांधण्यात एक घडी चुकली तर सगळी सोडून परत बांधायला लावणारी. नाताळच्या आठवड्यात तीच सिस्टर आम्हा पोरींना तिच्या बंगल्याच्या मागच्या ओसरीवर बसवून केक करायला लावायची. ती पौंड म्हणायची. तिथला म्हातारा आचारी त्यालाच रत्तल म्हणायचा. आणि मी मनातल्या मनात अच्छेर म्हणायची, कारण किलो येऊन आठ वर्षं झाली तरी आमच्या घरी अजून शेर-अच्छेर-पावशेरातच बोलणं चालायचं. पुढं एकदा तुझ्या आजोबांनी हिशेब करून दाखवला. पौंड भरतो ४५४ ग्रॅम, आणि ऐंशी तोळ्यांच्या शेराचा अच्छेर भरतो ४६६. फरक सगळा मिळून एका तोळ्याचा. म्हणजे मी काही चूक म्हणत नव्हते. लोणी अच्छेर, साखर अच्छेर, मैदा अच्छेर, अंडी अच्छेर. फ्रान्समध्ये याला म्हणे 'चार चतुर्थांश' अशा अर्थाचंच नाव आहे.

तुला हे परकं वाटतं? सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा आठव. सव्वा वाटी रवा, सव्वा वाटी साखर, सव्वा वाटी तूप. कुणी पुस्तक उघडून बघतं का? रोजच्या शिऱ्यात आपण तुपाला हात आखडतो, म्हणून रोजचा शिरा प्रसादासारखा लागत नाही. लोक म्हणतात देवाचा हात लागतो. लागत असेल. पण तूपही लागतं. या केकमध्येही तसंच, लोणी बघून जीव दचकतो आणि हात मागं येतो. तसं करायचं असेल तर दुसरा केक कर. अर्ध्या लोण्याचा केक वाईट नसतो, पण तो हा नव्हे.

आता अंड्यांचं. कोपऱ्यावरच्या दुकानातली पांढरी अंडी टरफलासकट पन्नास-पंचावन्न ग्रॅमची भरतात. गावरान कोंबडीचं अंडं चाळिसाच्या आसपास, आणि तलंगीचं असेल तर त्याहून कमी. म्हणून 'चार अंडी घ्या' या वाक्याला काही अर्थच नाही. कुणाची चार? अंडी तोलून बाकीचं त्यावर बेतायचं, म्हणजे कुठल्याही कोंबडीचं चालतं. हॅना ग्लास नावाच्या एका इंग्लिश बाईंनी १७४७ साली स्वयंपाकाचं पुस्तक छापलं, त्यात हा केक आहे. एक पौंड पिठाला बारा अंडी, त्यातली सहांचीच पांढरी घ्यायची. बारा वाचून मी हबकले होते. मग लक्षात आलं, त्या बाईंच्या दाराशी पोल्ट्री नव्हती, आपल्यासारख्याच अंगणात हिंडणाऱ्या कोंबड्या होत्या.

त्याच बाईंनी लिहिलंय की हे सगळं हातानं नाहीतर मोठ्या लाकडी चमच्यानं तासभर घोटायचं. तासभर! कारण बेकिंग पावडर निघायला तेव्हा अजून शंभर वर्षं होती. केक फुगायचा तो फक्त घोटून आत कोंडलेल्या हवेवर. आपण आजही तसाच करणार आहोत. ती पावडरीची डबी आत ठेव. चिमूटभर घातली तर पाप लागत नाही, पण मग तू लोणी नीट फेटत नाहीस, पावडरीच्या भरवशावर राहतेस. गावातलं केदारेश्वराचं देऊळ लहानपणापासून बघत आलीस. चुना-सिमेंटाच्या भरवशावर नाही, दगडाच्या तोलावर दगड उभा आहे. तसलंच काम हे.

अंडं पाण्यात सोडून बघ. बुडून आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, वर तरंगलं तर फेकून दे. आणि प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं. उन्हाळ्यात एकदा सातवं अंडं सडकं निघालं आणि आधीची सहा त्याच्याबरोबर उकिरड्यावर गेली. तेव्हापासून मी चुकले नाही.

आता लोणी. इथं सावकाश जाऊ.

घरचं म्हशीच्या दुधाचं लोणी सगळ्यात चांगलं, पण ते ताकातून काढल्याकाढल्या वापरायचं नाही. त्यात ताक असतं, आंबटपणा असतो. थंड पाण्यात तीन-चार वेळा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत. मग हातानं दाबून दाबून पाणी काढायचं. तरी थोडं पाणी राहतं, ते राहू दे. भट्टीत गेल्यावर त्याचीच वाफ होते आणि केक उचलला जातो. म्हणून तूप घालू का असं विचारू नकोस, सगळ्याच सुना विचारतात. तुपात पाणीच नाही. तुपाचा केक खुसखुशीत होतो, नानकटाईच्या वळणाचा. खायला छान, पण फोड अशी मऊ सलग पडत नाही. विकतचं पिवळं बटर वापरलंस तर ते आधीच खारं असतं, वर मीठ घालायचं नाही. घरच्या लोण्यात चिमूटभर मीठ घाल. गोडात मीठ कशाला म्हणू नकोस, पुरणातही आपण घालतोच.

खरी मेख लोण्याच्या ऊबेत आहे. आपल्या बीडचा उन्हाळा तुला सांगायला नको. चैत्र लागला की पारा चाळिशी गाठतो, आणि लोणी वाटीत ठेवून वळून बघेपर्यंत त्याचं तेल झालेलं असतं. वितळलेल्या लोण्यात हवा राहत नाही. नंतर गार करून घट्ट केलंस तरी ते पहिल्यासारखं होत नाही, कणीदार होतं. काल तुझं तेच झालं. लोणी कसं हवं ते बोटानं कळतं. दाबलं की खळगा पडावा, आणि बोट उचललं की बोटावर तुपकट चकाकी दिसू नये. चकाकी दिसली की उशीर झाला. पुस्तकात वीस अंश लिहितात. आपल्याकडे वीस अंश कार्तिकात पहाटे असतात.

म्हणून मी हा केक दिवाळीपासून संक्रांतीपर्यंतच करते, आणि सकाळी. एरवी करायचाच झाला तर पहाटे चारला उठायचं, लोण्याचं पातेलं माठाखालच्या ओल्या वाळूत रोवायचं आणि तिथंच बसून फेटायचं. हिवाळ्यात उलटी तऱ्हा. लोणी दगड होतं. तेव्हा बारीक तुकडे करून ताटलीत पसरायचे आणि थोडा वेळ उन्हाच्या कडेला ठेवायचे. कडेला म्हटलं मी, उन्हात नाही. चुलीशी तर नाहीच.

साखर. दुकानातली साखर जाड दाण्याची असते, ती तशीच घातली तर विरघळत नाही, केकवर ठिपके उठतात. मग तू म्हणशील पिठी करते. तेही नको. साखरेच्या दाण्याला धार असते. फेटताना ती धार लोण्यात शिरून बारीक बारीक जागा करते आणि हवा तिथं अडकते. पिठीसाखरेला धारच उरत नाही. तेव्हा मिक्सरमध्ये एक-दोन झटके, बारीक रव्याइतकी होईपर्यंत, बस्स. आणि सांडू नकोस. दसरा झाला की आपल्याकडच्या वस्त्या रिकाम्या होतात, माणसं कोयता घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागतात ती उन्हाळा लागला की परततात. दवाखान्यात नोकरी करताना उसाच्या फडातून आलेल्या बाळंतिणी मी पाहिल्यात. पाचट अंगाला लागून ओरखडलेले हात असायचे. साखर सांडली की मला अजून ते हात दिसतात.

फेट आता. मोठी परात घे, लोणी तळहाताच्या मुळानं पसरव, गोळा कर, परत पसरव. नानकटाईला तूप फेसतो ना, तसंच. हात पोळत असेल तर, म्हणजे तुझा तळवा गरम असेल तर, लाकडी चमचा घे. काही बायकांचे हात जात्याच गरम असतात, त्यांच्या हाताला भाकरी चांगली होते आणि केक बिघडतो. सिस्टर म्हणायची, एकाच दिशेनं फेटा. मी दोन्ही दिशांनी फेटून बघितलं, केकला काही कळत नाही. थांबायचं मात्र नाही. आधी नुसतं लोणी मऊ कर, मग साखर मूठ मूठ घाल. दहा मिनिटांत कंटाळा येईल, पंधराव्या मिनिटाला दंड भरून येईल, आणि विसाव्याच्या पुढं कधीतरी रंग पालटेल. पिवळ्याचं दुधाळ, दुधाळाचं पांढरं. हाताला जड लागत होतं ते हलकं लागायला लागेल, आणि परातीत दिसेल आधीपेक्षा दीडपट. यंत्रानं हेच पाच-सहा मिनिटांत होतं, आणि यंत्र असेल तर जरूर वापर. हाताच्या कष्टानं चव वाढते असं मी म्हणणार नाही. कष्ट मी खूप केलेत, त्यानं नुसते कष्ट वाढतात.

शेजारची मंडळी एक परीक्षा सांगतात, फेटलेल्या लोण्याचा थेंब पाण्यात टाका, तरंगला तर झालं. वड्याच्या उडदाच्या पिठाला ही परीक्षा बरोबर आहे. लोण्याला काय? लोणी न फेटलेलंही तरंगतंच की. ताकावर येतं कसं मग? तू रंग बघ आणि दोन बोटांत चोळून बघ, साखर थोडीच कचकचली पाहिजे.

अंडी एकेक. अंडं आधी वाटीत काट्यानं मोडून घे आणि दोन-तीन वेळात घाल. एक पूर्ण मिळाल्याशिवाय दुसरं नाही. लोणी म्हणजे स्निग्ध, अंडं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी. दोघांचं पटायला वेळ द्यावा लागतो. घाई केलीस की ते फाटतं, दूध नासल्यासारखे कण दिसतात. फाटलं तर घाबरू नकोस, तोललेल्या मैद्यातलाच एक चमचा घाल आणि फेट, सावरतं. बहुतेकदा अंडी गार असल्यानंच फाटतं, फ्रिजमधून काढून लगेच घातली की हमखास. तासभर आधी बाहेर काढून ठेवायची. मे महिन्यात मात्र नको, तेव्हा पंधरा मिनिटं पुष्कळ.

मैदा तीनदा चाळ. एकदा हवेसाठी, एकदा गुठळ्यांसाठी, आणि पावसाळ्यात एकदा पोरकिड्यांसाठी. आता फेटणं बंद. इथं तुझा हात चुकणार हे मला आधीच माहीत आहे, कारण तू भाकरी करणाऱ्या घरातली आहेस. ज्वारीचं पीठ मळल्याशिवाय एकत्र येत नाही, विरी गेलेलं असेल तर उकळतं पाणी घालून मळावं लागतं, आणि जितकं मळावं तितकी भाकरी चांगली थापता येते. मैद्याचं बरोबर उलटं. त्याला ओलं करून घोटलं की तो चिवट होतो, रबरासारखा, आणि केकची पोळी होते. तीन वेळा थोडा थोडा मैदा घाल, उलथनं कडेनं घालून बुडातून वर आण, पातेलं थोडं फिरव, परत तसंच. पांढरा मैदा दिसेनासा झाला की हात काढून घे. आणखी दोन हात मारावेसे वाटतील. मारू नकोस.

वासाला सिस्टर व्हॅनिला घालायची. मी जायफळ घालते, अर्ध्याहून कमी, किसणीवर. लिंबाची साल किसून घातली तरी छान, फक्त हिरवी-पिवळी, खालची पांढरी आली की कडवट लागतं. मागच्या खेपेला तू सीताफळाचा गर घालू म्हणालीस. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय, अभिमान आहेच, पण त्या गरात किती पाणी असतं बघितलंयस? आपण आत्ता चारही जिन्नस एका तोलावर आणले आणि त्यात तू वाटीभर ओल ओतणार. सीताफळ केकच्या बाजूला ताटलीत वाढ.

आता विस्तव. मला या गावात केक करून पन्नासवर वर्षं झाली, त्यातली निम्मी चुलीवर गेली.

पहिला केक मी सासरी आल्यावर दुसऱ्या वर्षी केला. सासूबाई माळकरी. स्वयंपाकघरात अंड्याचं नावही काढायचं नाही. म्हणून परसात, न्हाणीच्या भिंतीआड तीन दगड मांडले. भांडं नव्हतं, तर आमच्या रुखवतातलं जाड पितळी पातेलं घेतलं, छान कल्हई केलेलं. बुडाला वाळू घातली, आत डबा ठेवला, झाकण ठेवलं, खाली जाळ. अर्ध्या तासानं बघते तर पातेल्याच्या आतून चंदेरी थेंब ओघळतायत. कल्हई वितळली होती! कथील २३२ अंशांना वितळतं हे मला नंतर कळलं. पाणी किंवा आमटी असते तोवर पातेलं शंभराच्या वर फारसं जात नाही, म्हणून कल्हई टिकते. कोरड्या भांड्याला तो लगाम नसतो. केक टाकून दिला, पातेलं झाकून ठेवलं, आणि कल्हईवाला गावात येईपर्यंत दीड महिना मी सासूबाईंना ते दिसू दिलं नाही. तेव्हा हे धरून ठेव, कोरड्या भट्टीला कल्हईचं भांडं कधी नाही. लोखंडी कढई नाहीतर जुनं जाड ॲल्युमिनियमचं पातेलं. कुकरही बायका वापरतात, शिट्टी आणि रबर काढून. पण वाळूवर कोरडा तापवून तापवून त्याची खोड मोडते, पुन्हा त्यात वरण शिजवायला तो धड राहत नाही. घ्यायचाच तर भंगारात निघालेला घे.

वाळू नदीची, भरड, चाळून धुऊन वाळवलेली. दोन बोटं जाड थर. त्यावर छोटी तिवई, तिवईवर डबा, म्हणजे बूड वाळूला टेकणार नाही. डबा ठेवायच्या आधी वीस मिनिटं झाकण ठेवून नुसती वाळू तापव. ताव बघायला माझ्याकडे यंत्र नव्हतं. ताटलीत चिमूटभर मैदा ठेवून आत सरकवायचा. पाच मिनिटांत बदामी झाला तर ताव बरोबर. लालकाळा झाला तर जाळ ओढ. पांढराच राहिला तर थांब.

सरपण कुठलं, यावर केक ठरतो. तुराट्या, पऱ्हाट्या या आपल्याकडच्या, पण त्यांचा जाळ भडकतो आणि विझतो. त्यावर चहा होतो. केकला तासभर एकसारखी धग लागते. बाभळीचं लाकूड जाळून झालेले निखारे, नाहीतर गोवऱ्यांचा विस्तव. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत थोडे निखारे वर झाकणावर. गोव्यात बात नावाचा रवा-नारळाचा केक करतात, तोही पूर्वी असाच, वर-खाली विस्तव ठेवून. पुण्यात तू कयानी बेकरीतला मदेरा केक आणतेस ना, तो याच्याच घराण्यातला. १९५५ सालची बेकरी ती. मी तुझ्या आत्याकडे आले होते तेव्हा पहिल्यांदा खाल्ला. चांगला होता. जायफळ नव्हतं.

तुझ्या विजेच्या भट्टीत काम सोपं आहे. वरची-खालची दोन्ही कांड्या चालू, मधल्या खणात, १६० ते १६५ अंश, तास ते सवा तास. आधी दहा-पंधरा मिनिटं तापवून. पण लाईट गेली तर? मधेच भट्टी गार पडली की आत कोंडलेली हवा आकसते आणि केक खाली बसतो, तो पुन्हा उठत नाही. म्हणून इथं असताना शेजारी वाळूचं पातेलं तापवून ठेवत जा. लाईट गेली तर डबा उचलून तिकडं. माझं हसू येतंय तुला, पण मी दोनदा असा केक वाचवलाय.

डब्याला आतून लोणी लाव आणि बुडाला कोरा कागद, दोन्ही बाजूंनी तूप लावून. वर्तमानपत्र नको, त्याची शाई पोटात जाते. चार अंड्यांच्या केकला सात इंची डबा बरोबर होतो. दोन तृतीयांशच भर. वरून मधे थोडा खळगा कर, मधलं पीठ जास्त फुगतं.

आणि मग पाऊण तास झाकण उघडायचं नाही. हे सगळ्यात अवघड. तू काल किती वेळा उघडलंस? मी मोजलं, पाच वेळा. वासावर लक्ष ठेव. आधी कच्च्या लोण्याचा वास येतो, मग साखरेचा, आणि मग एकदम घरभर नानकटाईसारखा. तो आल्यावर आणखी दहा मिनिटं. मग विणायची सुई मधोमध खुपस, कोरडी आली की झालं. वर मधे लांब चीर पडली असेल, तर ते बिघडणं नव्हे. कडा आधी शिजून धरतात, मधलं नंतर उसळतं आणि साल फोडून वर येतं. चीर नसली तर मला शंका येते.

सासूबाईंनी हा केक कधी तोंडात घातला नाही. पण तो नानकटाईचा वास ओसरीपर्यंत गेला की त्या माळ ओढता ओढता थांबून विचारायच्या, "झाला का गं तुझा तो?" केक शब्द त्यांनी कधी उच्चारला नाही. त्यांच्यासाठी मी वेगळ्या डब्यात दही-रव्याचा, सोड्याचा करायची, आणि त्या तो आवडीनं खायच्या. तुझ्या सासरी माळकरी असतील तर तूही तसाच कर. बिनअंड्याचा पौंड केक म्हणून दुधाचा डबा ओतून जे करतात त्यापेक्षा तो सरळ रव्याचा केक बरा. तो दुसऱ्याचं नाव लावून येत नाही.

भट्टीतून काढल्यावर पंधरा मिनिटं डब्यात राहू दे, मग जाळीवर उपडा कर. आज कापायचा नाही. नाक मुरडू नकोस, उद्यापर्यंत धीर धर. गरम असताना आतलं लोणी अजून हललेलं असतं, सुरी फिरवली की भुगा पडतो. रात्रभर धोतराच्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून ठेवला की घट्ट होतो, जायफळ मुरतं, आणि फोड आरशासारखी सरळ येते. हिवाळ्यात पाच दिवस राहतो, उन्हाळ्यात दोन. मुंग्या लागू नयेत म्हणून डबा पाणी घातलेल्या परातीत ठेव. पहिली फोड शेजारच्या काकूंना दे. त्या आल्या की साखर जास्त झाली म्हणतील, नेहमी म्हणतात, आणि दुसरी मागून घेतात.

ती वाळू फेकू नकोस. पार गार झाली की चाळून त्या पत्र्याच्या डब्यात भर. काळी पडली तरी चालते. तागडी मात्र आता माळ्यावर नको टाकू, खुंटीला अडकव.